दहा बाटची बाटली आणि हळदीचा कुकर

वसमतच्या मोंढ्यातल्या कुठल्याही टपरीचा फ्रीज उघडून बघा. वर पाण्याच्या बाटल्या, मधे थम्सअप-स्प्राइट, आणि खालचे कप्पे लालभडक. स्टिंग, ते एनर्जी ड्रिंक. वीस रुपयांत अडीचशे मिली. आडतीसमोर पोती उचलणाऱ्या हमालाच्या हातात हीच, हार्वेस्टरवरच्या पंजाबी ड्रायव्हरच्या सीटखाली हीच, आणि संध्याकाळी क्लास सुटला की पोरांच्या घोळक्यातही हीच. त्याच फ्रीजच्या एका कोपऱ्यात निळ्या-चंदेरी रेड बुलचे दोन-तीन कॅन उभे असतात. सव्वाशे रुपये. ते कोण घेतं, तर नव्या स्कॉर्पिओतून उतरलेला एखादा कार्यकर्ता, नाहीतर पुण्याहून सुट्टीला आलेलं कुणाचं तरी पोरगं. बाकीचं गिऱ्हाईक त्या कॅनकडं बघतसुद्धा नाही.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो: औषधाच्या आणि खताच्या कंपन्या दुकानदाराला टार्गेट देतात, आणि टार्गेट गाठलं की टूर देतात. पूर्वी गोवा असायचं, मग दुबई आली, आता बहुतेक जण बँकॉक-पटाया करून आलेत. २०२३च्या अखेरीस भारतीयांना व्हिसा माफ केला तेव्हापासून तर कंपन्यांना ते आणखी सोपं झालंय. यंदा तणनाशकाच्या जोरावर माझाही नंबर लागला. घरी सांगितलं तेव्हा बायको फक्त एवढंच म्हणाली, "तिथं काय शेती बघायला नेतात का?" मी म्हटलं, देवळं असतात. ती हसली नाही.

निघताना पुतण्यानं एक काम सांगितलं. तो संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत खोलीवरची पोरं वर्गणी काढून रेड बुल आणतात म्हणे. "काका, ते मूळचं थायलंडचं हाय. तिथं काचेच्या बाटलीत भेटतंय, ओरिजिनलवालं. पिऊन बघा आणि आमच्यासाठी आणा." मला वाटत होतं की रेड बुल ही अमेरिकेची भानगड असेल. पुतण्या म्हणाला, कंपनी ऑस्ट्रियाची, पण माल थायलंडचा. एवढं डोक्यात ठेवून निघालो.

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचं मोठ्ठं शिल्प आहे. वासुकीला एका बाजूनं देव ओढतायत, एका बाजूनं दानव. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्या दुकानदारांनी त्याच्यासमोर फोटो काढले. जिंतूरचे एक तात्या होते, कपाळाला बुक्का लावून विमानात बसलेले, त्यांनी लांबूनच हात जोडले. बाहेर आलो तर ऊन आपल्यासारखंच, पण अंगाला चिकटणारं. आपल्याकडं बेचाळीस डिग्रीत घाम येतो आणि वाळतो. तिथं तो वाळतच नाही. हॉटेलवर पोचेपर्यंत शर्ट पिळून घ्यावा असा झाला होता, आणि मला त्या बाटलीची आठवण झाली ती तेव्हा.

तिथं पावलोपावली सेव्हन-इलेव्हनची दुकानं आहेत. एक संपलं की समोरच्या फुटपाथवर दुसरं. आत शिरलं की गारेगार. फ्रीजच्या काचेमागं जपानी चहा, सोया दूध, नारळपाणी, कसले कसले ज्यूस, आणि एका कप्प्यात तपकिरी काचेच्या बुटक्या बाटल्यांची ओळच्या ओळ. पहिल्या नजरेत मला वाटलं, औषधाचं शेल्फ आहे. काच तपकिरी, झाकण पत्र्याचं, आकार दीडशे मिलीचा. सगळ्या बाटल्यांचा साचा एकच, लेबलं वेगळी. एकावर ठसठशीत अक्षरात एम-१५०. एकावर शिंगांसकट म्हशीची कवटी, तो काराबाओ. आणि एकावर दोन लाल गवे शिंगाला शिंग भिडवून, मागं पिवळा सूर्य. ते चित्र मी ओळखलं. आपल्या टपरीवरच्या कॅनवर हेच दोन बैल आहेत. थाई अक्षरं वाचता येत नव्हती, पण हाच तो क्रातिंग दाएंग, म्हणजे मूळचा थाई रेड बुल. किंमत दहा-बारा बाट. बाट हे तिथलं चलन, तेव्हा एक बाट म्हणजे अडीच रुपयांच्या आसपास, म्हणजे बाटली पंचवीस-तीस रुपयांना पडली. सव्वाशेच्या कॅनचा बाप पंचवीस रुपयांत.

माझ्या पुढं एक मोटारसायकल टॅक्सीवाला उभा होता. तिथं नारिंगी जाकीट घातलेले टॅक्सीवाले गल्लीच्या तोंडाशी बसलेले असतात, आपल्या ऑटो स्टँडसारखे. त्यानं एम-१५० घेतली, पैसे दिले, दारातच झाकण फिरवलं, मान मागं टाकली, तीन घोटात बाटली रिकामी, कचऱ्याच्या डब्यात टाकली, हेल्मेट घातलं, गेला. बाटली हातात धरून मिरवणं नाही, फोटो नाही, घोट-घोट घेणं नाही. मला त्याची ती पद्धत आवडली. मीही दारात उभा राहून तसंच करायचं ठरवलं.

झाकण कर्र करून फिरलं. फस्स झालं नाही. पहिली गोष्ट ही, की त्यात गॅसच नाही. रंग पिवळा, बाटली उन्हात धरली तर सोनेरी दिसतो. वास आला तो बी-कॉम्प्लेक्सचा. लहानपणी सरकारी दवाखान्यात ज्यांनी ते पिवळं औषध प्यायलंय त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. पहिला घोट इतका गोड की दातांना जाणवला. मग आंबट आलं. गिळल्यावर जिभेच्या मागच्या भागावर एक कडवट, औषधी चव राहिली, ती पाणी प्यायल्याशिवाय गेली नाही. घट्टपणाही होता थोडा. पाण्यासारखं घशातून उतरत नाही, सावकाश उतरतं. रेड बुलचा कॅन मी आयुष्यात कधीतरी लग्नाच्या वरातीत प्यायलो होतो. चव त्याच घराण्यातली, यात शंका नाही. पण कॅनमध्ये बुडबुडे आणि थंडपणा मिळून चवीवर पांघरूण घालतात. इथं पांघरूण काढलेलं होतं.

आमच्या ग्रुपनं माझ्या हातात बाटली बघितली आणि सगळ्यांनी एकेक घेतली. निम्म्यांनी अर्ध्यावर सोडली. तात्यांनी वास घेऊनच बाटली परत केली. "ही तर म्हशीला पाजायची कॅल्शियमची बाटली हाय," म्हणाले. आणि खरं सांगायचं तर ती तुलना मला अजून सुचलेल्या कुठल्याही तुलनेपेक्षा बरोबर आहे. नांदेडच्या एका तरुण दुकानदारानं मात्र एम-१५०, काराबाओ आणि क्रातिंग दाएंग तिन्ही ओळीनं घेतल्या आणि त्या रात्री टक्क जागा राहिला. लेबलवर काय लिहिलंय ते आम्ही हॉटेलवर गेल्यावर मोबाइलच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून वाचलं: दिवसाला दोन बाटल्यांपेक्षा जास्त पिऊ नये, छातीत धडधड होऊन झोप उडू शकते, मुलांनी आणि गरोदर बायांनी पिऊ नये. ते वाचल्यावर त्याला घाम फुटला, तो उकाड्याचा नव्हता. तात्यांनी त्याला मीठ-साखरेचं पाणी करून दिलं आणि रात्रभर हरिपाठ म्हणून दाखवला, असं दुसऱ्या दिवशी तोच सांगत होता.

माझ्या अंगावर काय परिणाम झाला? पहिल्या पाच मिनिटांत काही नाही. मला वाटतं आपल्याकडं लोकांना जो 'झटका' वाटतो, तो गॅसचा आणि बर्फगार पाण्याचा असतो, कॅफिनचा नव्हे. कॅफिनला रक्तात पुरतं उतरायला वेळ लागतो. माझ्या बाबतीत अर्ध्या-पाऊण तासानं बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की दुपारचं जेवण करूनही डोळा लागत नाहीये. हुशारी आली असं म्हणणार नाही. फक्त पेंग गेली. पटायाकडं जाताना बाकी सगळी बस घोरत होती आणि मी खिडकीतून ट्रक मोजत होतो.

त्या रस्त्यावर एका पेट्रोल पंपावर बस थांबली. तिथल्या दुकानातही तीच तपकिरी ओळ, आणि तिच्यासमोर ट्रक ड्रायव्हर. आमचा थाई गाईड मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायचा. मी बाटली दाखवल्यावर म्हणाला, "ये ड्रायव्हर लोग का. काम वाला लोग का. टूरिस्ट नहीं पीता." मग त्यानं त्या बाटलीची सगळी कुंडली सांगितली. नंतर मी वाचून ताडून पाहिली, ती बरोबर निघाली.

ही बाटली काढणारा माणूस चालिओ योविद्या. बदकं पाळून पोट भरणाऱ्या गरीब चिनी स्थलांतरितांच्या घरातला. बँकॉकला येऊन औषधं विकता विकता त्यानं स्वतःची औषध कंपनी काढली. त्या काळात जपानची लिपोव्हिटान-डी नावाची छोटी टॉनिकची बाटली तिकडं चालायची. जपानमध्ये ती १९६२ साली बाजारात आली होती. चालिओनं १९७०च्या दशकात त्याच धर्तीवर स्वतःची बाटली काढली, आणि शहरातल्या पैसेवाल्यांच्या मागं न लागता ट्रक ड्रायव्हर, मजूर, शेतावर राबणारे यांच्यात खपवली. मुठीत मावणारी, एका दमात संपणारी, स्वस्त. मग १९८२ साली डीट्रिश मातेशित्स नावाचा एक ऑस्ट्रियन टूथपेस्टच्या कंपनीच्या कामाला बँकॉकमध्ये आला. लांबच्या विमानप्रवासानं त्याचं डोकं जड झालं होतं, ही बाटली प्यायला आणि त्याला बरं वाटलं. त्यानं चालिओशी भागीदारी केली. दोघांनी प्रत्येकी पाच लाख डॉलर घातले आणि १९८४ मध्ये कंपनी काढली. मातेशित्सनं मालात गॅस घातला, गोडी कमी केली, काचेची बाटली काढून निळा-चंदेरी उभट कॅन आणला, आणि १ एप्रिल १९८७ ला ऑस्ट्रियात विक्री सुरू केली. ड्रायव्हरची बाटली डिस्कोत गेली. किंमत जाणूनबुजून वर ठेवली. महाग आहे म्हणजे काहीतरी असेल, हे गणित आम्हा औषध विकणाऱ्यांना नवं नाही. तेच घटक असलेलं बुरशीनाशक देशी डब्यात कुणी विचारत नाही, विदेशी नावाच्या डब्यात शेतकरी नाव घेऊन मागतो.

पटायात मी रोज सकाळी एक बाटली प्यायची शिस्त लावून घेतली. सकाळी, कारण दुपारनंतर प्यायलो की झोपेचं खोबरं होत होतं. काराबाओ मला क्रातिंग दाएंगपेक्षा जरा हलका लागला. एम-१५० मला सगळ्यात उग्र वाटली. काराबाओची गोष्टही मजेशीर आहे. थायलंडमध्ये याच नावाचा एक प्रसिद्ध रॉक बँड आहे, गोरगरिबांची गाणी म्हणणारा, आणि त्याचा गायक या धंद्यात भागीदार. ती म्हशीची कवटी म्हणजे बँडचीच खूण. आपल्याकडं एखाद्या शाहिरानं स्वतःच्या नावाची सोड्याची बाटली काढली आणि ती चालली, असं समजा.

परतताना पुतण्याच्या बाटल्यांचा प्रश्न. हातातल्या बॅगेत शंभर मिलीच्या वरचं कुठलंही पातळ चालत नाही, आणि ही बाटली दीडशेची. नांदेडच्या त्याच तरुणाच्या हातबॅगेतल्या बाटल्या सुरक्षा तपासणीत काढून घेतल्या गेल्या. माझ्या बाटल्या मोठ्या बॅगेत होत्या. एकेक बाटली मोज्यात घातली, मोजे टॉवेलात गुंडाळले, टॉवेल लुंगीत, आणि मधे कपडे कोंबले. काच जड असते, वजनाची मर्यादा लक्षात ठेवून घ्यावी लागते. पण एकही फुटली नाही. वसमतला बॅग उघडली तर बायकोनं पहिला प्रश्न विचारला, "ह्या दारूच्या का?" तिला लेबल दाखवलं. तिला लेबलावरचं एक अक्षर कळलं नाही, त्यामुळं शंका फिटली नाही.

पुतण्याच्या वाटच्या बाजूला काढून उरलेल्या मी शेतावर नेल्या. दिवस हळदीचे होते. ज्यांनी वसमत भागात हळद शिजताना बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी काहिलीत शिजवायचे, आता कुकर आलेत. म्हणजे मधे पाण्याची टाकी, खाली लाकडाचा जाळ, आणि बाजूला लोखंडी ड्रम. टाकीतली वाफ नळीनं ड्रममध्ये सोडायची. ड्रममध्ये ओल्या हळदीचे कंद भरलेले. वाफ कोंडली की झाकणाच्या फटीतून पिवळट पांढरा लोट निघतो, आणि त्याचा वास अंगातून दोन दिवस जात नाही. शिजली की नाही हे बघायला कंदात काडी टोचतात. आरपार सहज गेली की शिजली. मग ड्रम कलंडवायचा, वाफाळती हळद घमेल्यांनी उन्हात पसरायला न्यायची, दुसरा ड्रम भरायचा. हे काम बहुतेक रात्री चालतं, कारण दिवसा त्या जाळापुढं उभं राहणं माणसाचं काम नाही. आणि कुकरवाला भाड्यानं आणलेला असतो, पुढं त्याला दुसऱ्याच्या शेतात जायचं असतं, त्यामुळं एकदा पेटला की थांबत नाही. या रात्रींना टोळीच्या लोकांना लागते ती स्टिंग. सकाळी कुकरच्या आजूबाजूला लाल बाटल्यांचा सडा पडलेला असतो. मालकानं जेवणाबरोबर स्टिंगचा खोका द्यायचा, हे आता ठरवायच्या भावातच धरलेलं असतं. गेल्या काही वर्षांतली ही पद्धत. आधी चहा-गुळावर भागायचं.

मी रात्री साडेदहाच्या सुमाराला गेलो. मुकादम जाळात खोडकं सारत होता. मी बाटल्या काढल्या. "हे घ्या, थायलंडची स्टिंग."

मुकादमानं बाटली जाळाच्या उजेडात धरून बघितली. "लई ल्हान हाय की शेठ. दवाई हाय का काय?"

"प्या तर खरं."

प्यायला. तोंड वाकडं केलं. बाटलीचा वास घेतला, परत एक घोट घेतला. मग माझ्याकडं दयेनं बघितलं. "शेठ, तुम्हाला फसवलं बगा तिकडं. ह्याच्यात ग्यासच नाही. उतरलेला माल दिला तुम्हाला."

दोन पोरं होती, त्यांनीही मान डोलावली. गॅस नाही म्हणजे जुना माल, नाहीतर नकली. मी सांगून बघितलं की मूळ असंच आहे, गॅस नंतर घातलाय. त्यांना ते पटेना. "मग ग्यास घातल्यावर सुधारला म्हना," एक पोरगं म्हणालं. यावर मी काय बोलणार. ऑस्ट्रियातल्या माणसालाही बहुधा हेच वाटलं असावं.

टोळीत एक माळकरी बुवा आहेत. वय साठीच्या पुढं, काडी टोचून हळद बघायचं काम त्यांच्याकडं. त्यांनी बाटली हातातच घेतली नाही. "ह्याच्यात बैलाचं काहीतरी असतंय म्हणं. चित्र बी बैलाचंच हाय." ही अफवा मी आपल्या टपरीवरही ऐकलीय, त्याहून घाणेरड्या शब्दांत. म्हणून मी वाचून ठेवलं होतं. टॉरिन नावाचा घटक असतो, तो पहिल्यांदा १८२७ साली बैलाच्या पित्तातून वेगळा काढला होता हे खरं. पण आता बाटलीत पडतो तो कारखान्यात रसायनांपासून बनवलेला असतो, बैलाचा त्याच्याशी संबंध नाही. हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. बुवांनी ऐकून घेतलं. "संबंध न्हाई तर मग चित्र कामून काढलंय?" म्हणाले, आणि आपला बिनदुधाचा चहा पितळीत ओतून घेतला.

बायांना बाटली द्यायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं, माझ्याही नाही. घमेली वाहणाऱ्यांपैकी एकीनं स्वतःच हात पुढं केला. "आणा इकडं, बघू तरी." तिनं पदरानं बाटलीचं तोंड पुसलं, दोन घोट घेतले, झाकण परत लावलं आणि बाटली ओट्यात ठेवली. "औषध हाय हे. उरलेलं पहाटं घेते, तवा लई पेंग येती." मी मनात म्हटलं, अख्ख्या टोळीत ही एकटीच बाटलीवरची सूचना न वाचता बरोबर वागली.

मुकादम मात्र तासाभरानं आला आणि नाइलाजानं म्हणाला की झोप आली नाही अजून. पण ती बाटलीमुळं नव्हे, जाळ जास्त घातल्यामुळं, हेही लगेच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याच्या मेडिकलमध्ये दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या आणि आकडे मांडले. थायलंडमध्ये एका बाटलीत कॅफिन ५० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. बाटली १५० मिलीची. आपल्याकडं अशा पेयात लिटरमागं १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन हवं, म्हणजे अडीचशे मिलीत जास्तीत जास्त ७५. हिशेब केला तर गंमत निघाली. घोटाला घोट लावला तर थाई बाटली थोडी कडक, शंभर मिलीला ३३ मिलिग्रॅम. आपली जास्तीत जास्त ३०. पण बाटलीला बाटली लावली तर आपली जड. ती मोठी आहे, गार आहे, गॅसमुळं सहज जाते, आणि वीस रुपयांत मिळते, म्हणून एकावर कोण थांबत नाही. आपल्या बाटलीवरही बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त नको, लहान मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना नको. हळदीच्या रात्री एकेक जण तीन-चार सहज पितो. मेहुणा म्हणाला, धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन झेपतं असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं म्हटलंय, पण त्यात चहाही धरायचा. आणि आमच्या टोळीतला चहा कुणी मोजत नाही.

मोठ्यांचं मला फारसं वाटत नाही. जाळापुढं रात्र काढणारा माणूस काय पितो ते त्यानं ठरवावं, मी फार तर पाण्याचा जार आणि ताक जास्त ठेवीन. पोरांचं वाटतं. २०२४ च्या जुलैमध्ये विधान परिषदेत अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी सांगितलं होतं की शाळेपासून पाचशे मीटरच्या आत जास्त कॅफिनची पेयं विकायला बंदी घालणार. आमच्या दुकानापासून शाळा हाकेच्या अंतरावर आहे, आणि मधे टपऱ्या तेवढ्याच आहेत. सातवी-आठवीची पोरं दहा-दहा रुपये काढून एक लाल बाटली दोघांत पितात. बँकॉकमध्ये त्या तपकिरी बाटलीला शाळकरी पोर हात लावताना मला दिसलं नाही. ती दिसतेच बापाच्या कामाची. पोरांना तिच्यात मिरवण्यासारखं काही नाही. आपल्याकडची बाटली लाल, गोड, आणि जाहिरातीत नाचणारी.

पुतण्यानं त्याच्या वाटच्या बाटल्या खोलीवर नेल्या. पोरांनी पिण्याआधी तासभर फोटो काढले. मग फोन आला: "काका, चव बोगस हाय, पण रिकामी बाटली कुणी फेकायला तयार नाही." आता त्या खिडकीत ओळीनं लावल्यात म्हणे.

पुढच्या टूरला जाणारे दुकानदार मला विचारतात, तिकडून काय आणायचं. मी सांगतो, प्यायची तर तिथंच प्या, एकच, सकाळी, फ्रीजमधली गार, आणि संध्याकाळच्या बैठकीत दारूत मिसळू नका. आणायचीच तर मोठ्या बॅगेत, मोज्यात घालून. आणि गावाकडं वाटताना आधीच सांगा की गॅस नसतो, नाहीतर फसवल्याचा आळ तुमच्यावर येतो.

हळद संपून टोळी जायला निघाली त्या दिवशी मुकादम हिशेबाला दुकानी आला. पैसे मोजून खिशात घातले, उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"शेठ, ती ल्हानी बाटली कितीला पडती?"

"पंचवीस-तीस. वर आणायचा खर्च वेगळा."

त्यानं जरा विचार केला. "विसात बसत असंल तर पुढल्या साली बगा. नाहीतर आपली लालच बरी."